सोलापुरात बसून सुदानसाठी काय करता येतं? आम्ही करून बघितलं ते सांगते

पहिला प्रश्न कायम हाच येतो. इथं पाणी चार-चार पाच-पाच दिवसाआड येतंय आणि तुम्ही सुदान-फिदान काय घेऊन बसलाय ओ? विचारणाऱ्यावर मला कधी राग येत नाही, कारण तो माणूस खरंच पिंपं भरून दमलेला असतो. पण मी त्याला म्हणते, एकदा भैय्या चौकात चला, डॉ. कोटणीसांच्या स्मारकात. १९३७ मध्ये चीनवर जपानने हल्ला केला होता, १९३८ साली सुभाषबाबूंनी आवाहन केलं, देशभरातून २२,००० रुपये जमले, एक अँब्युलन्स आणि पाच डॉक्टर गेले, त्यातला एक आपल्या सोलापूरचा. १९१० चा जन्म, १९४२ मध्ये तिकडंच गेले, वय फक्त ३२. तेव्हा आपण स्वतः गुलाम होतो, आठच वर्षांपूर्वी ह्याच शहराने मार्शल लॉ भोगला होता, चार जण फासावर गेले होते. तरी लोकांनी "आधी आमचं बघा" असं म्हटलं नाही. आणि हे काही फार थोर लोकांनाच जमतं असंही नाही, वर्गणी देणारे साधेच होते.

तर हे लिहायचं कारण असं की गेल्या काही महिन्यांत दोन-तीन कॉलेजच्या पोरांनी आणि पंढरपूरच्या एका शिक्षिकेने मला विचारलं की ताई, युद्धात सापडलेल्या देशांसाठी आवाज उठवायचा म्हणजे नेमकं करायचं काय, मेणबत्त्या लावायच्या का? मेणबत्तीला माझा विरोध नाही. पण आम्ही सात-आठ जणांनी जे केलं, जे चुकलं, ते सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते, ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावं.

एकच देश धरा

गाझा, युक्रेन, म्यानमार, काँगो, येमेन, सुदान, सगळीकडंच लोक मरतायत आणि सगळ्यांबद्दल वाईट वाटणं बरोबरच आहे, पण सगळ्यांसाठी एकदम काम करायला गेलं की महिनाभरात ग्रुप थंड पडतो, कारण कुणालाच कुठल्याच देशाचं धड काही माहीत नसतं. आम्ही सुदान धरला. एक तर त्याच्याबद्दल मराठीत फारच कमी येतं. दुसरं, कापूस. ब्लू नाईल आणि व्हाईट नाईल ह्या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात गेझिरा म्हणून भाग आहे, तिथं इंग्रजांनी १९२५ मध्ये सेन्नारचं धरण बांधून कालवे काढले आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी कापूस लावला, साधारण २० लाख एकरांच्या वरची स्कीम. हे वाचलं तेव्हा आमच्यातले यंत्रमागवाले काका सरळ होऊन बसले. कालवा, टेलएंडला पाणी न पोचणं, कापूस कुणाचा आणि नफा कुणाचा, हे सोलापूर जिल्ह्याला समजावून सांगावं लागत नाही ना. डिसेंबर २०२३ मध्ये सुदानमधल्या दोन फौजांची लढाई ह्या गेझिरात घुसली, वद मदनी हे तिथलं शहर पडलं, आणि देशाला धान्य देणाऱ्या पट्ट्यातले शेतकरीच पळत सुटले.

तुम्ही दुसरा देश धरा, हरकत नाही. पण धरताना बघा की आपल्या गावाचा आणि त्याचा कुठला तरी खराखुरा धागा आहे का. गावातला कुणी शांतीसेनेत जाऊन आला असेल, कुणाची मुलगी तिकडं नर्स असेल, कुठला तरी माल येत-जात असेल. धागा नसेल तर लोक ऐकून घेतात आणि विसरतात.

बोलायच्या आधी अभ्यास

दोन आठवडे काहीही पोस्ट करायचं नाही, नुसतं वाचायचं, हा आमचा पहिला नियम. सुदानचं थोडक्यात असं. २०१९ मध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन ३० वर्षं गादीवर बसलेल्या बशीरला घालवलं, त्यात बायका फार मोठ्या संख्येने पुढं होत्या. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता हिसकावली. मग सत्ता हिसकावणारे दोघंच एकमेकांवर उलटले, लष्कराचे जनरल बुरहान आणि आरएसएफ ह्या निमलष्करी फौजेचे हेमेदती, आणि १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्टूममध्येच लढाई सुरू झाली. एक कोटीच्या वर माणसं घरदार सोडून गेली. दारफूर ह्या पश्चिमेकडच्या भागातल्या एल फाशेर शहराला आरएसएफने वर्षापेक्षा जास्त वेढा घातला होता, अन्न नाही, औषध नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पडलं तेव्हा जी कत्तल झाली ती वाचवत नाही.

आता इथं एक गोष्ट जरा थांबून सांगते. आपल्याकडं कुठलंही युद्ध आलं की लोक लगेच आपल्याच भांडणाचा चष्मा लावतात. सुदानमध्ये दोन्ही बाजूचे सैनिक बहुतेक मुसलमान, मरणारे बहुतेक मुसलमान, दारफूरमध्ये मसालित वगैरे जमातींना वंशावरून वेचून मारलं गेलं. म्हणजे आपला चष्मा तिथं चालतच नाही. आणि दोन्ही फौजांवर गंभीर आरोप आहेत, त्यामुळं कुणा एकाचा झेंडा घेऊन नाचू नका. आपण बाजू घ्यायची ती उपाशी बसलेल्या माणसाची. पण "दोघंही सारखेच" म्हणून विषय झटकून टाकणं हेही बरोबर नाही, कुठल्या गावात कुणी काय केलं ते नावानिशी सांगता आलं पाहिजे. नाहीतर न्याय हा शब्द उच्चारायचाच कशाला.

पैसा आणि हत्यारं कुठून येतात हेही शोधा, खरी चावी तिथंच असते. सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणात यूएईत जातं. हत्यारं पुरवल्याचा आरोप यूएईवर आहे, ते तो नाकारतात. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी २००४ पासून आहे पण ती फक्त दारफूरपुरती, बाकी देशाला लागू नाही. ह्या एका ओळीत मागणी करण्यासारखं किती आहे बघा.

तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका

पुण्यात सुदानी विद्यार्थी बरेच आहेत. ओळखीतून एका मुलीशी बोलणं झालं आणि ती एका शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला आली. स्टेशनवर उतरल्या उतरल्या तिने विचारलं, गाडीच्या नावाचा अर्थ काय? आम्ही तिथंच प्लॅटफॉर्मवर उभं राहून तिला १९३० चं सोलापूर सांगितलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, आणि शहरावर लष्कराचं राज्य आलं की काय होतं ते. ती गप्प ऐकत होती आणि म्हणाली, मग तुम्हाला आमचं सांगायला वेळ लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती पांढरा तोब नेसून आली. तोब म्हणजे त्यांच्याकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते लांब कापड, साधारण साडेचार मीटर, पदर डोक्यावरून. यंत्रमागवाल्या काकांनी परवानगी विचारून पदराचं टोक दोन बोटांत धरलं, उजेडाकडं करून बघितलं आणि म्हणाले, "सूत बारीक हाय की ओ, कापूस तुमच्याकडचाच का?" ती म्हणाली, आता आमच्या कापसाचं आम्हालाच माहीत नाही. त्या खोलीत नंतर दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही.

तिने आम्हाला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, आमचे फक्त मेलेल्यांचे आणि हाडं निघालेल्या पोरांचे फोटो दाखवू नका, आमचे लोक काय करतायत तेही दाखवा. तिच्यामुळंच आम्हाला इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्सबद्दल कळलं. मोहल्ल्या-मोहल्ल्यातली तरुण पोरंपोरी बॉम्ब पडत असताना सामूहिक स्वयंपाकघरं चालवतात, पाण्याची, दवाखान्याची सोय करतात. २०२५ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. सिद्धेश्वर यात्रेत किंवा वारीत अन्नछत्र चालवणाऱ्या आपल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. दुसरी गोष्ट, माझं नाव-फोटो कुठं टाकू नका.

ही दुसरी गोष्ट फार मनावर घ्या. त्या पोरांचे आईवडील कुठल्या तरी बाजूच्या ताब्यातल्या गावात असतात, त्यांचा इथला व्हिसा नाजूक असतो. कार्यक्रमाचे फोटो काढताना पाठमोरे काढा, आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारा, आणि "हो" म्हणाली तरी टाकायच्या आधी परत विचारा. त्यांना आपल्या मोर्च्यात पुढं उभं करू नका. परदेशी विद्यार्थ्याला राजकीय कार्यक्रमात ओढलं तर भोगायचं त्याला, आपण घरी जातो.

मागणी: ज्याला लिहिताय त्याच्या हातात असलेली

सगळ्यात जास्त माती इथं खाल्ली जाते. आमचं पहिलं पत्र चार पानांचं होतं, सुदानचा इतिहास, मानवता, बुद्ध, गांधी, सगळं. ते घेऊन आम्ही एका खासदारांच्या ऑफिसात गेलो. पीएने शांतपणे वाचलं, निदान पहिलं पान तरी, आणि म्हणाला, "मॅडम, छान लिहिलंय. पण साहेबांनी करायचं काय ते सांगा की." त्याचं अगदी बरोबर होतं. "जगात शांतता नांदावी" ही मागणी कुणाच्याच टेबलावर बसत नाही.

मग आम्ही परत बसलो आणि तीन गोष्टींवर आलो. भारतात अडकलेल्या सुदानी विद्यार्थ्यांना व्हिसा मुदतवाढ सोपी करावी आणि फी-दंडात सवलत द्यावी. भारताने सुदानसाठी औषधं-धान्याची मदत वाढवावी आणि किती दिली ते सांगावं. आणि संयुक्त राष्ट्रांत शस्त्रबंदी अख्ख्या सुदानला लागू करायला भारताने पाठिंबा द्यावा. पहिली गोष्ट लगेच होण्यासारखी, दुसरी मधली, तिसरी लांबची. पत्र एक पानाचं केलं, मराठीत, सोबत इंग्लिश कॉपी, खाली सह्या, प्रत्येक सहीपुढं पत्ता आणि मतदारसंघ. मतदारसंघ का, तर खासदार पहिल्यांदा तेच बघतो. आणि इथं घोळ होतो, सोलापूर जिल्हा म्हणजे एकच खासदार नाही. शहर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर हे सोलापूरमध्ये, करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढ्यात, आणि बार्शीवाल्यांचा खासदार धाराशिवचा. ज्याचा त्याला पत्र द्या.

खासदाराकडून भाषणापेक्षा प्रश्न मागा. लोकसभेत प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. तारांकित प्रश्न दिवसाला २० च, ते सोडतीने लागतात, त्यांना सभागृहात तोंडी उत्तर असतं आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित दिवसाला २३०, त्यांचं उत्तर लेखी, म्हणून आपला चान्स तिथं जास्त. निदान १५ दिवस आधी नोटीस जावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावू नका, महिनाभर आधी ड्राफ्ट घेऊन जा. प्रश्न १५० शब्दांच्या आत पाहिजे, आणि मित्रदेशाबद्दल अवमानकारक भाषा असेल तर तो उडतोच, त्यामुळं राग प्रश्नात ओतू नका. "सरकार हे सांगेल काय की, एप्रिल २०२३ पासून सुदानला किती आणि कोणत्या स्वरूपाची मानवतावादी मदत पाठवली" असा कोरडा प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा. आम्ही ड्राफ्ट टाइप करून पेनड्राइव्हमध्येच नेला. पीए लोकांवर फार लोड असतो, त्यांचं काम सोपं केलं की ते आपलं ऐकतात.

आरटीआय पण टाका. केंद्राचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन कलम ८ खाली नकार येऊ शकतो, म्हणून मत किंवा धोरण विचारू नका, आकडे विचारा. किती टन, कुठल्या तारखेला, किती विद्यार्थी.

आणि सरकारला पत्र लिहिताना नुसती तक्रार नको, जे चांगलं केलं ते आधी लिहा. एप्रिल-मे २०२३ मध्ये ऑपरेशन कावेरीतून भारताने साडेतीन हजारांच्या वर माणसं सुदानमधून बाहेर काढली, त्यात कर्नाटकातले हक्की पिक्की समाजाचे लोकही होते, जडीबुटी विकायला गेलेले. आणि अबेईत, सुदान आणि दक्षिण सुदानच्या मधल्या वादग्रस्त भागात, आजही आपल्या सैनिकांची तुकडी निळं हेल्मेट घालून उभी आहे, २०२३ मध्ये त्यात महिलांची प्लाटूनही गेली. शांतीसेनेत सगळ्यात जास्त जवान गमावलेला देश भारतच आहे. एवढं दिलेल्या देशाचा शब्द तिथं चालतो, तो वापरा, असं पत्रात लिहिलं की वाचणारा चिडत नाही.

पूर्व भागातली मीटिंग

शहरातल्या शिकलेल्या लोकांसमोर बोलणं सोपं. पण आमची सगळ्यात चांगली मीटिंग झाली ती शहराच्या पूर्व भागात, विडी कामगार बायकांच्यात, संध्याकाळी, एका पत्र्याच्या शेडमध्ये. बायका सूप मांडीवर घेऊन, तेंदूच्या पानाला कात्री लावत लावत ऐकत होत्या, हात एक क्षण थांबत नव्हते. मी आधी मराठीत सुरू केलं, मग लक्षात आलं की मागच्या रांगेतल्या आज्यांना तेलुगू पाहिजे. एका वहिनीने तिथंच दुभाषाचं काम केलं आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. (पत्रकं काढणार असाल तर आत्ताच सांगते, सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चारही पाहिजेत. चार वेळा छापायला पैसे नसतील तर एका पानावर चार तुकडे करा पण करा.)

मी त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची गोष्ट सांगितली. २००३ सालची. चौदा वर्षं रखडलेलं यादवी युद्ध, आणि राजधानी मनरोव्हियाच्या मासळी बाजारात बायका पांढरे कपडे घालून रोज येऊन बसायला लागल्या, ख्रिश्चन आणि मुसलमान एकत्र, उन्हात पावसात. लेमा बोवी त्यांची पुढारी. जवळच्या घाना देशात वाटाघाटी चालू होत्या, नेते हॉटेलात मजेत राहत होते, ठरत काहीच नव्हतं, तर ह्या बायका तिथं गेल्या आणि हॉलच्या दारात हात गुंफून बसल्या की ठरल्याशिवाय बाहेर सोडणार नाही. ऑगस्टमध्ये करार झाला. बोवींना २०११ चं नोबेल मिळालं. आणि करारानंतर तिथली घडी बसवायला २००७ मध्ये भारतातून महिला पोलिसांची अख्खी तुकडी गेली, फक्त महिलांची अशी जगातली पहिलीच.

मी इथं थांबले, मला वाटलं टाळ्या पडतील. एका बाईने हातातली विडी बंद करत विचारलं, "त्या बाया रोज बाजारात बसत होत्या, मग त्यांची रोजची मजुरी कोण देत होतं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी आजवर शांततेवर जे काही वाचलंय त्यात इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. हजार विड्या पूर्ण झाल्या तरच ज्यांची चूल पेटते, त्यांना आंदोलनाची किंमत पहिल्यांदा दिसते. तेव्हापासून आमच्या मीटिंगा त्यांच्या वेळेनुसार, त्यांच्या जागेवर आणि पाऊण तासाच्या आत. सह्या तिथं सगळ्यात जास्त मिळाल्या, आणि ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठे दिले, ते आम्ही वेगळ्या कागदावर लपवले नाहीत, वरच लावले.

फोटो, फॉरवर्ड

आमच्याकडून चूक झाली ती लिहिते. सुरुवातीला ग्रुपमधल्या एकाने जळालेल्या दवाखान्याचा फोटो टाकला, सुदान म्हणून, दोनशे जणांनी पुढं पाठवला, आणि तो निघाला सीरियाचा, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी एकाने चारचौघांत विचारलं आणि आमचं बाकीचं खरं सांगितलेलंही खोटं वाटायला लागलं. म्हणून आता फोटो गूगल लेन्सवर टाकून बघतो, जुनी तारीख निघाली की बाद. तारीख, गाव आणि कुणी काढला हे तिन्ही माहीत नसेल तर वापरत नाही. चूक झाली तर ज्या ग्रुपवर टाकलं त्याच ग्रुपवर तितक्याच मोठ्याने "आमचं चुकलं" लिहितो, डिलीट मारून गप्प बसत नाही. कुठल्याही धर्माला-जातीला धरून लिहिलेलं फॉरवर्ड तर अजिबात नाही, त्याने गुन्हाही दाखल होतो आणि मुळात आपल्या कामाचीच माती होते.

पैसे

थोडक्यात सांगते, जपून. स्वतःच्या खात्यावर किंवा फोनपेवर वर्गणी गोळा करू नका, कितीही प्रामाणिक असलात तरी. परदेशातल्या अनोळखी माणसाने पाठवलेल्या क्यूआरवर तर नाहीच. युनिसेफसारख्या संस्थेच्या अधिकृत साइटवर ज्याने त्याने थेट द्यावं, पावती स्वतःच्या नावाची घ्यावी, आपण फक्त लिंक तपासून द्यावी. आपल्या इथं असलेल्या विद्यार्थ्याला मदत करायची तर त्याची मेस, त्याची खोली, त्याची कॉलेज फी, हे सरळ तिथंच भरावं. आम्ही दोन पोरांच्या मेसचं सहा महिन्यांचं बघितलं, त्याचा फोटो कुठंही नाही.

परवानगी आणि तारखा

हॉलमध्ये कार्यक्रम असला तरी जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवून पोच घ्या. रस्त्यावर काही करायचं तर पोलीस आयुक्तालयाची परवानगी लागतेच, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश चालू आहे का ते आधी विचारा, तो शहरात बऱ्याचदा असतो. सुदानचं युद्ध सुरू झालं ती तारीख १५ एप्रिल, पण १४ ला आंबेडकर जयंती, शहर आणि बंदोबस्त दोन्ही त्यात, म्हणून आम्ही पुढच्या आठवड्यात घेतो. १२ जानेवारी, सोलापूरच्या त्या चौघांच्या फाशीचा दिवस, हुतात्मा दिन म्हणून फार योग्य वाटतो, पण त्याच सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, हॉल मिळत नाही आणि माणसं तर नाहीच. १० ऑक्टोबर, कोटणीसांचा जन्मदिवस, हा आम्हाला सगळ्यात बरा पडला.

युद्ध थांबलं की काम संपत नाही

न्याय्य विकास हा शब्द ऐकायला जड आहे, पण सोलापुरात तो उजनीच्या धरणग्रस्ताला विचारा. जमीन कुणाची गेली, पाणी कुणाला मिळालं, आणि पुनर्वसनाच्या कागदासाठी कुणाच्या दोन पिढ्या ऑफिसच्या बाकावर बसल्या. सुदानमध्ये नाईलवर मेरोवेचं धरण २००९ मध्ये झालं, ५० हजारांच्या वर माणसं उठवली गेली. म्हणजे युद्ध नसतानाही लोक उठवले जात होतेच. उद्या तह झाला, पुनर्बांधणीचे हजारो कोटी आले, तर तेही कुणाच्या तरी अंगावरून जाणार. म्हणून मागणी आत्तापासून करायची असते, कराराच्या टेबलावर पीडित माणसं आणि बायका बसल्या पाहिजेत. बायकांच्या सहभागाबद्दल संयुक्त राष्ट्रांचा ठराव क्रमांक १३२५ आहे, ऑक्टोबर २००० चा, पत्रात त्याचा नंबर लिहा. कोलंबियात २०१६ चा करार होण्याआधी युद्धात घरची माणसं गमावलेल्यांना क्युबात हवानाला बोलावून वाटाघाटी करणाऱ्यांसमोर बसवलं होतं, आणि त्या कराराचं पहिलंच प्रकरण शेतजमिनीवर आहे. हे मी शेतकऱ्यांच्या मीटिंगमध्ये सांगते तेव्हा मागे बसलेले पुढं सरकतात.

भारताने श्रीलंकेत बांधायला मदत केलेली घरंही सांगण्यासारखी आहेत. युद्ध २००९ मध्ये संपलं, मग ५० हजार घरांची योजना आली, बहुतेक उत्तर आणि पूर्व भागातल्या तमिळ कुटुंबांसाठी, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराला पैसे न देता थेट घरमालकाच्या खात्यावर टप्प्याटप्प्याने दिले, बांधून त्यांनी घेतलं. कुंभारीला विडी कामगारांच्या घरांसाठी किती वर्षं लढा चालला हे ज्यांनी बघितलंय त्यांना ह्यातला फरक बरोबर कळेल. सुदानला मदत मागताना आम्ही हेच लिहितो, पैसे तिथल्या रिस्पॉन्स रूम्ससारख्या लोकांपर्यंत आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जाऊ देत.

आणि वेळ लागतो. दारफूरमधल्या आधीच्या, ह्या युद्धापूर्वीच्या कत्तलींचं प्रकरण २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडं गेलं, आणि त्यातली पहिली शिक्षापात्र ठरलेली केस, अली कुशैब ह्या तिथल्या सशस्त्र टोळीच्या म्होरक्याची, ऑक्टोबर २०२५ मध्ये निकालात आली. वीस वर्षं. साक्षीदार जिवंत राहिले, कागद जपले गेले, कुणी तरी दरवर्षी विचारत राहिलं म्हणून ते झालं.

त्यामुळं आमच्याकडं एक साधी जाड फाइल आहे. प्रत्येक पत्राची पोच, आरटीआयचं उत्तर, लोकसभेतल्या सुदानवरच्या प्रश्नोत्तरांच्या प्रिंट, कुणाला कधी भेटलो, काय म्हणाले. उत्तर आलं की त्याचं मराठीत चार ओळींत भाषांतर करून सह्या देणाऱ्यांना परत नेऊन वाचून दाखवतो, शेडमधल्या बायकांनाही. मागच्या वेळी उत्तर गोलमोल होतं. ज्या बाईने मजुरीचं विचारलं होतं ती ऐकून म्हणाली, किती टन पाठवलं ते तर ह्यात कुठं हायच नाही. पुढच्या प्रश्नाचा ड्राफ्ट त्या एका वाक्यावरून सुरू केलाय, अधिवेशनाच्या महिनाभर आधी घेऊन जायचाय. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी सकाळी अकराच्या आत यावं, त्यानंतर पीए भेटत नाहीत.